प्रकल्प नोंदी: बडोद्याचं दफ्तर टेपवर

रविवार, ३० मार्च २०२५ (गुढीपाडवा)

कार्यकारिणीची बैठक जेवणाआधी आटोपायची होती, पण आमच्या डिजिटल संग्रहाची प्रत संगणकाच्या टेपवर ठेवायची, या विषयावर चांगलीच लांबली. शेवटी खर्चाला मंजुरी मिळाली, म्हणून आजपासून नोंदी ठेवतो. पुढे हे काम ज्यांच्याकडे जाईल त्यांना कुठली गोष्ट का केली ते कळायला हवं.

विषय नवा नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. आमच्या डिजिटल संग्रहाची दुसरी प्रत ज्या सभासदांकडे होती त्यांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि हार्ड डिस्क गेल्या. पहिली प्रत दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर होती, म्हणून संग्रह वाचला. त्यानंतर नव्या डिस्क घेऊन प्रत केली खरी, पण दोन्ही प्रती एकाच खोलीत, एकाच संगणकाला जोडलेल्या. याला मी दुसरी प्रत म्हणत नाही.

संग्रहात आहे काय? बडोद्यातल्या मराठी घरांतून आलेले मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), हस्तलिखित मासिकं, लग्नपत्रिका, आणि गणेशोत्सवातली व्याख्यानं नि कीर्तनं यांच्या कॅसेट. पानं ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलेली, बिनदाबाच्या टिफमध्ये, म्हणजे आकार न घटवलेल्या चित्र-फायलींत. ए-४ आकाराचं एक पान साधारण ४६ एमबी होतं. पंचेचाळीस हजारांच्या आसपास पानं, म्हणजे २.१ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी). ध्वनिमुद्रणं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला, तासाला २ जीबीच्या वर; ती १.३ टीबी.

अप्पांचा आक्षेप खरा होता. कॅसेट जमवण्यात त्यांची तीस वर्षं गेली आहेत. ते म्हणाले, "अहो, बुरशी आली, फीत चिकटली, म्हणून तर आपण टेपवरून सगळं संगणकात आणलं. आता पुन्हा टेपवरच न्यायचं?"

त्यांना सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. कॅसेटवर आवाजाची लहर थेट उमटलेली असते. फीत जितकी झिजेल तितका आवाज झिजतो, आणि प्रतीची प्रत आणखी उतरते. संगणकाच्या टेपवर आकडे असतात, त्यांच्यासोबत चूक दुरुस्त करणारे जादा आकडेही असतात. लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारं हेड चालतं आणि लिहिलेलं तिथल्या तिथे तपासतं. बिघडलेला तुकडा ड्राइव्ह, म्हणजे टेप लिहिणारं-वाचणारं यंत्र, पुढे पुन्हा लिहितो. काम झाल्यावर टेप बाहेर काढून कपाटात ठेवता येते. तिला वीज नाही, नेटवर्क नाही. संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला तरी कपाटातल्या टेपपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

क्लाउडचा मुद्दा कोषाध्यक्षांनीच निकाली काढला. साडेतीन टीबीचं भाडं दर महिन्याला भरत राहायचं, आणि एखाद्या वर्षी वर्गणी कमी पडली की संग्रह टांगणीला. टेपचा खर्च एकदाच. शिवाय ज्यांचा धंदाच ऑनलाइन साठवणुकीचा आहे तेही टेप ठेवतात. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअर दोषामुळे जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं दिसेनाशी झाली. दोषाचा फटका ऑनलाइन प्रतींनाही बसला होता, म्हणून गूगलनं ती टेपवरून परत आणली.

अप्पांनी होकार दिला, पण एक अट घालून: "टेपवर लिहिलेलं दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर वाचून दाखवा. मग मी मानेन." ही अट मलाही पटली. या कामाचं खरं मोजमाप तेच आहे.

मंगळवार, १ एप्रिल

कुठली पिढी घ्यायची, यावर आजची संध्याकाळ गेली. एलटीओ ही टेपची जात २००० साली १०० जीबीपासून सुरू झाली. एलटीओ-५ (२०१०) दीड टीबीची, एलटीओ-६ (२०१२) अडीच, एलटीओ-७ (२०१५) सहा, एलटीओ-८ (२०१७) बारा आणि एलटीओ-९ (२०२१) अठरा. नवे ड्राइव्ह लाखांच्या घरात, ते आपल्या आवाक्यातले नाहीत. म्हणून वापरलेला एलटीओ-६ आणि कोऱ्या टेप.

टेपच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ६.२५ टीबी छापलेलं असतं. तो आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असं धरून दिलेला आहे. स्कॅन नि ध्वनिमुद्रणं इतकी दाबली जात नाहीत. हिशोब अडीचवरच करायचा.

वाचनाचा नियम लक्षात ठेवण्यासारखा: एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्या वाचतो आणि मागची एक लिहितो. एलटीओ-८ पासून हे बदललं. तो ड्राइव्ह फक्त एक पिढी मागे जातो. म्हणजे आपली एलटीओ-६ टेप एलटीओ-६ आणि ७ च्या ड्राइव्हवर वाचता येईल, ८ वर नाही. टेपचं आयुष्य तीस वर्षं सांगतात, पण टेप शाबूत आणि वाचायला ड्राइव्हच नाही, अशी वेळ त्याच्या बरीच आधी येऊ शकते. कार्यकारिणीच्या इतिवृत्तात हे वेगळं नोंदवायला सांगितलं आहे.

शनिवार, ५ एप्रिल

सामान आलं. ड्राइव्ह अर्ध्या उंचीचा, कॅबिनेटच्या सव्वापाच इंची खणात बसणारा. पुढचं दार बोटानं ढकलून आत टॉर्च मारला: धूळ नाही, हेडच्या बाजूला फितीचा तुकडा अडकलेला नाही. जुना ड्राइव्ह घेताना एवढं पाहायलाच हवं. कार्ट्रिजमध्ये एकच चाक असतं. फितीच्या टोकाला एक बारीक धातूची पिन असते, ड्राइव्ह ती पकडून फीत बाहेर ओढतो आणि आपल्या आतल्या चाकावर गुंडाळतो. कार्ट्रिज हातातून पडलं की ही पिन जागची हलते आणि पुढचे सगळे घोटाळे तिथून सुरू होतात.

कार्ड मात्र चुकीचं आलं. मागवलं होतं साधं एसएएस एचबीए (ड्राइव्ह संगणकाला जोडणारं कार्ड), विक्रेत्यानं पाठवलं रेड (RAID) कार्ड. दिसायला दोन्ही सारखीच. रेड कार्ड डिस्कांचे संच बांधण्यासाठी असतं. टेप ड्राइव्ह जोडला तर बऱ्याच रेड कार्डांमधून तो संगणकाला दिसतच नाही. परत पाठवलं.

रविवार, ६ एप्रिल (रामनवमी)

देवळात जन्माचं कीर्तन होतं. दुपारी इलेक्ट्रिशियनभाईंकडून खोलीचं अर्थिंग तपासून घेतलं आणि यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या. संगणक जमिनीवरून उचलून टेबलावर घेतला.

बुधवार, ९ एप्रिल

बदली कार्ड आलं, एलएसआय ९२११-८आय, आयटी मोडचं फर्मवेअर (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) असलेलं. या मोडमध्ये कार्ड मध्ये काही ढवळाढवळ करत नाही, जे जोडलं आहे ते जसंच्या तसं संगणकापुढे ठेवतं. टेपला नेमकं हेच हवं.

घरातल्या डिस्कांची साटा केबल एसएएस ड्राइव्हला बसत नाही. डेटा आणि वीज यांच्यामधली जी फट साटात मोकळी असते ती एसएएसमध्ये भरलेली असते. म्हणून कार्डाकडे एसएफएफ-८०८७ आणि ड्राइव्हकडे एसएफएफ-८४८२ अशी टोकं असलेली केबल लागते. तिच्या ड्राइव्हकडच्या टोकाला विजेची शेपटी जोडलेली असते. एका केबलला अशी चार टोकं निघाली, उरलेली तीन बांधून बाजूला सारली. पंख्यात जायला नकोत.

कॅबिनेट बंद करण्याआधी संगणक सुरू केला. लिनक्स या कार्यप्रणालीत "एलएस-स्कझी" आज्ञेनं जोडलेल्या उपकरणांची यादी काढली तर ड्राइव्ह पहिल्या फटक्यात दिसला: प्रकार टेप, नाव एसटी-शून्य. अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. कोरी टेप आत सरकवली, ड्राइव्हनं ती अलगद ओढून घेतली, आतून चाकाची घरघर आली आणि हिरवा दिवा स्थिर झाला. अप्पा म्हणाले, "आवाज आपल्या डेकसारखाच आहे हो."

शनिवार, १२ एप्रिल

लिहिण्याआधी ड्राइव्हची जन्मकुंडली काढली. "एसजी-लॉग्ज" या आज्ञेनं ड्राइव्हच्या पोटातल्या नोंदी वाचता येतात: किती वेळा टेप चढवली, लिहिताना किती चुका दुरुस्त कराव्या लागल्या, टेप-अलर्टचे झेंडे (बिघाडाचे इशारे) वर आहेत का. सगळे झेंडे खाली. सफाईची टेप विकत घेऊन ठेवली आहे, पण ड्राइव्हनं मागितल्याशिवाय ती घालायची नाही. ती हेडवर घासते. हौसेनं रोज सफाई केली तर हेडचं आयुष्य कमी होतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची खबरदारी. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी-शून्य आणि एनएसटी-शून्य. पहिल्या नावानं काम केलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावानं ती जिथल्या तिथे थांबते. पहिल्या नावानं एक गठ्ठा लिहिला, मग दुसरा लिहिला, तर दुसरा पहिल्याच्या डोक्यावर बसतो, आणि संगणक कसलीही तक्रार करत नाही. टेपवर मधलाच भाग बदलणं नसतं. जिथे नवं लिहिलं तिथून पुढचं सगळं जुनं गेलं असं समजायचं. म्हणून इथे नेहमी एनएसटी वापरायचं, आणि जुन्या टेपमध्ये भर घालायची असेल तर आधी "एमटी" या टेप पुढे-मागे नेणाऱ्या आज्ञेला डेटाच्या शेवटाला जायला सांगायचं. संगणकावर चिठ्ठी चिकटवली आहे.

रविवार, १३ एप्रिल

वेगाची अडचण. ड्राइव्ह सेकंदाला १६० एमबी घेऊ शकतो. आपली डिस्क मोठ्या फायली दीडशेच्या आसपास देते, पण संग्रहात प्रत्येक टिफसोबत एक छोटी जेपीजी आणि एक वर्णनाची मजकूर फाइल आहे. त्या वेचताना डिस्क रेंगाळते आणि वेग तिसाच्याही खाली येतो.

टेपला हे सोसत नाही. एलटीओ-६ ची फीत ८४६ मीटर लांब आणि अर्धा इंच रुंद. ड्राइव्ह एकदम १६ रेघा ओढत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, किंचित बाजूला सरकतो आणि उलटा येतो, शेतात नांगर एकामागून एक सरी काढत फिरतो तसा. टेप पूर्ण भरायला अशा १३६ फेऱ्या होतात. डेटा हळू आला तर ड्राइव्ह आधी आपला वेग कमी करतो, पण त्यालाही मर्यादा आहे, साधारण ५० एमबीपर्यंत. त्याखाली गेलं की फीत थांबवायची, थोडी मागे न्यायची, पुन्हा धाव घेऊन जोडणीच्या जागी लिहायला लागायचं. हे सतत झालं तर वेळ जातो तो वेगळाच, हेड आणि फीत दोन्ही झिजतात. आज तो आवाज कानांनी ऐकला: सलग सूर तुटून घर्र, थांब, घर्र, थांब.

उपाय दोन केले. पहिला मांडणीचा: मोडीचा एक रुमाल म्हणजे एक टार फाइल (अनेक फायली एकत्र बांधणारी फाइल). रुमालातले कागद, त्यांच्या छोट्या प्रती, वर्णनं आणि प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइल बदलली तर कळावं म्हणून काढलेला आकडा), सगळं एकाच गाठोड्यात. ही गाठोडी आधी वेगळ्या डिस्कवर बांधायची आणि तिथून टेपवर. मला ही रचना मनापासून आवडली, कारण दफ्तर लावणाऱ्या जुन्या कारकुनांनी जो गठ्ठा बांधला तोच टेपवरही एकत्र राहतो. उद्या एखाद्या घराण्याचे वंशज आले तर त्यांचा रुमाल तेवढा काढून देता येईल.

दुसरा उपाय "एम-बफर" हा छोटा प्रोग्राम. तो मेमरीत ६ जीबीचा हौद भरतो, नव्वद टक्के भरला की मगच टेपकडे सोडतो. डिस्क क्षणभर अडखळली तरी टेपला पत्ता लागत नाही. दोन्ही उपायांनंतर सूर अखंड राहिला.

शनिवार, १९ एप्रिल

बाहेर चाळिशीच्या वर. ड्राइव्हची कामाची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास, आणि या प्रकारच्या आतल्या ड्राइव्हला कॅबिनेटमधून वारा मिळावा लागतो. खणाच्या मागे १२० मिलिमीटरचा पंखा बसवला, एचबीएच्या तापणाऱ्या पट्टीवरही एक छोटा. मोठं लेखन रात्री दहानंतरच सुरू करायचं, खोलीतला एसी लावून. कोऱ्या टेपही आदल्या दिवशीपासून त्याच खोलीत ठेवायच्या, म्हणजे फीत खोलीच्या तापमानाला येते.

रविवार, २० एप्रिल

रात्रीत पहिला संच पुरा झाला. रुमाल नि मासिकं एका टेपवर, ध्वनिमुद्रणं दुसऱ्या टेपवर.

हा संच टार पद्धतीचा. दुसरा संच एलटीएफएस पद्धतीचा करतो आहे. ही पद्धत २०१० मध्ये आयबीएमनं एलटीओ-५ सोबत आणली. टेपचे दोन विभाग पडतात, एकात अनुक्रमणिका आणि दुसऱ्यात डेटा. मग टेप पेनड्राइव्हसारखी उघडते आणि फायलींची नावं दिसतात. आज हे आयएसओचं मानक आहे. सोय मोठी, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या: फाइल पुसली तरी जागा परत मिळत नाही, आणि टेप रीतसर अनमाउंट करूनच (संगणकाला सांगून मोकळी करूनच) बाहेर काढायची, कारण शेवटची अनुक्रमणिका तेव्हा लिहिली जाते.

दोन संच दोन पद्धतींनी का? एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये दोष निघाला तर दोन्ही संच एकाच वेळी अडकू नयेत. टार १९७९ पासून चालत आलं आहे आणि कुठल्याही लिनक्सवर असतं. एलटीएफएस माहीत नसलेल्यालाही हाताळता येतं.

टेपला संकेतशब्द लावायची सूचना आली होती. ड्राइव्हमध्ये ती सोय आहे, पण मी ठाम नाही म्हटलं. हे कागद सर्वांनी वाचावेत म्हणून जपले जात आहेत. वीस वर्षांनी किल्ली सापडली नाही तर शाबूत टेपही कोरीच.

शनिवार, २६ एप्रिल

अप्पांची अट आज पुरी झाली.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या संगणक विभागात एलटीओ-७ ड्राइव्ह आहे. तिथे काम करणाऱ्या आपल्या एका सभासदांनी परवानगी काढली. आमचा ड्राइव्ह आमचीच टेप वाचतो, यानं पुरावा होत नाही. हेड किंचित तिरकं असेल तर ड्राइव्ह स्वतःचं तिरकं लिखाण बिनबोभाट वाचतो, पण दुसऱ्या ड्राइव्हला ते वाचता येईलच असं नाही.

निघण्यापूर्वी टेपच्या कडेची लाल खिट्टी सरकवून लेखन बंद केलं. टार संचातली रुमालांची टेप तिथे चढवली, पहिलं गाठोडं उघडायला सांगितलं, आणि पडद्यावर आलं: मेमरी देता येत नाही. सभासदांचा चेहरा पडला. पण मेमरीशी त्याचा संबंध नव्हता. वेगळं सांगितलं नाही तर टार १० केबीच्या ठोकळ्यांनी वाचतं. आमच्या टेपवर ठोकळे २५६ केबीचे आहेत. छोट्या भांड्यात मोठा ठोकळा मावत नाही, म्हणून ड्रायव्हर नकार देतो. टेपच्या डबीत ठेवलेल्या चिठ्ठीवर ठोकळ्याचा आकार लिहिलेला होता. आज्ञेत "बी ५१२" (५१२ बाइटचे ५१२ भाग, म्हणजे २५६ केबी) घातलं आणि फायली ओळीनं उतरू लागल्या.

अप्पांनी मागितला तो रुमाल टेपच्या बराच आत होता. फीत पळवत तिथे पोचायला मिनिटभर गेलं. गाठोडं कारखान्याच्या डिस्कवर उतरलं, चेकसमची यादी चालवली, प्रत्येक ओळीपुढे "ओके". मग एक टिफ उघडून पूर्ण मोठी केली: मोडीतली वळणदार रेघ, शाईची फुटलेली कड, कागदाच्या घडीवर वाळवीनं पाडलेलं छिद्र. अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकले आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली, "श्री म्हाळसाकांत." मग दुसरी टेप लावायला सांगितली. त्यातलं एक कीर्तन पूर्वरंग संपेपर्यंत ऐकलं. सोबत नेलेल्या एलटीएफएस टेपाही त्याच ड्राइव्हवर उघडल्या.

रविवार, २७ एप्रिल

ठेवण्याची व्यवस्था. टेप आडव्या रचायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या. दीर्घ काळासाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. बडोद्याच्या पावसाळ्यात ती सहज ऐंशीवर जाते, म्हणून प्रत्येक डबी हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेल. कपाट दुसऱ्या मजल्यावर, नळाच्या भिंतीपासून दूर. स्पीकर शेजारी नको, हे अप्पांनीच सांगितलं.

प्रत्येक डबीत छापील चिठ्ठी: टेपचा क्रमांक, पिढी, पद्धत, ठोकळ्याचा आकार, उघडण्याची आज्ञा, गाठोड्यांची क्रमवार यादी. चिठ्ठी मराठीत आणि गुजरातीत. पुढच्या वेळी इथे कोण बसलेलं असेल कुणास ठाऊक.

बुधवार, ३० एप्रिल (अक्षय्य तृतीया)

एलटीएफएसचा संच इंदूरला गेला. वहिनी माहेरी निघाल्या होत्या, त्यांच्यासोबत हातातल्या पिशवीत, कपड्यांच्या घडीत. तिकडे त्यांच्या भावानं पहिल्या मजल्यावरच्या कपाटाचा एक खण रिकामा ठेवला आहे. रात्री फोन आला, टेप पोचल्या, डब्यांना तडा नाही. पिशवी प्रवासात कुठेही आपटली नसल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं.

उरलेली कामं: न उतरवलेल्या कॅसेटचं एक खोकं अजून अप्पांच्या घरी आहे, ते पावसाआधी संगणकात आणून तिसऱ्या टेपवर घ्यायचं. दर चैत्रात प्रत्येक संचातली एकेक टेप चढवून चेकसम तपासायचे. अतिरिक्त एलटीओ-६ ड्राइव्ह मिळत असेल तर घेऊन ठेवायचा. त्याचा खर्च पुढच्या बैठकीत मांडतो.